पाचातला एक नकार

साडेआठबाईंना हे नाव पडलं ते एका आजींमुळे. त्या आजींची दृष्टी गेलेली होती, आणि घड्याळ बघायची सोय नसल्यामुळे दारावरची बेल वाजली की त्या आतूनच हाक मारायच्या, "आली गं माझी साडेआठ!" आणि खरोखरच तेव्हा साडेआठ वाजलेले असायचे. पुढे हे नाव इतर घरांमध्ये गेलं, मग बरोबरीच्या मदतनीस बायकांमध्ये, आणि शेवटी समाजसेवा खात्याच्या हजेरीपटावर खरं नाव शोधायला लोकांना वेळ लागायला लागला.

चौदा वर्षं त्यांनी खात्यात मदतनीस म्हणून काम केलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी सकाळी जायचं, त्यांना आंघोळ घालायची, कपडे चढवायचे, खायला द्यायचं, गोळ्या द्यायच्या, अंथरूण बदलायचं आणि पुढचं घर गाठायचं. मग एका जिन्यावर गुडघा असा काही फिरला की डॉक्टरांनी जिनेच बंद केले. बाई आठ दिवस घरी बसल्या. नवव्या दिवशी नवरा त्यांना म्हणाला, "अगं, तू आता मलासुद्धा आंघोळ घालायला निघालीस. काहीतरी कर बाई." नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठलीही गोष्ट मधेच अडकून राहिलेली त्याला बघवत नसे.

म्हणून चव्वेचाळिसाव्या वर्षी बाईंनी अर्धवट सुटलेलं कॉलेज पुन्हा धरलं. संध्याकाळचे वर्ग, पोरीच्या वयाच्या मुलींशेजारी बाकावर बसणं, परीक्षेच्या आदल्या रात्री जागणं, सगळं रीतसर झालं. पदवी झाली, पुढची पदवी झाली, आणि एक्कावन्नाव्या वर्षी त्या प्रबंध लिहायला बसल्या. त्यांच्या मार्गदर्शक मॅडम त्यांच्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान होत्या. बाई त्यांना मॅडम म्हणायच्या आणि मॅडम बाईंना ताई. त्यात दोघींनाही काही वावगं वाटत नसे.

प्रबंधाचा विषय शोधायला बाईंना कुठे जावं लागलं नाही. खात्याचा एक कामाचा तक्ता होता. आंघोळ वीस मिनिटं, कपडे दहा, न्याहारी पंधरा, गोळ्या पाच, अंथरूण आणि जमीन दहा. बेरीज साठ. चौदा वर्षं बाईंनी त्या तक्त्यावर रोज सह्या केल्या होत्या, आणि चौदा वर्षांत एकही सकाळ त्या तक्त्याप्रमाणे गेली नव्हती. कारण तक्त्यात बोलण्याला जागाच नव्हती. एक आजोबा रात्री पडलेलं स्वप्न सांगून झाल्याशिवाय सदऱ्यातून हात काढू देत नसत. एका आजींना गोळी गिळायच्या आधी कुणाची तरी निंदा लागायची, त्याशिवाय गोळी खाली उतरत नसे. ही मिनिटं कुठून यायची? न्याहारीतून चोरायची की जमीन पुसण्यातून? आणि ती दिल्यामुळे नेमकं काय व्हायचं? हे बाईंना शोधून काढायचं होतं. म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घ्यायच्या, मदतनिसांच्या घ्यायच्या, आणि बोलण्याची मिनिटं मोजायची.

"विषय उत्तम आहे ताई," मॅडम म्हणाल्या. "फक्त खात्याची परवानगी लागेल. अर्ज करावा लागेल."

"करू की," बाई म्हणाल्या. "खातं काय मला परकं आहे?"

अर्ज बत्तीस पानांचा होता आणि त्याला अकरा जोडपत्रं होती.

तो द्यायचा तिसऱ्या मजल्यावरच्या संशोधन कक्षात. कक्ष म्हणजे एक खोली, दोन कपाटं आणि एक कारकून. या कारकुनाला सगळा मजला 'स्वल्पविराम' म्हणायचा, कारण तो दर दोन-तीन शब्दांनंतर थांबायचा आणि समोरच्याला वाटायचं, संपलं बोलणं. लोक उठून उभे राहायचे आणि तो पुढे बोलायला लागायचा. उंच, वाकलेला, सदऱ्याच्या बाह्यांना कोपरापाशी ठिगळं लावलेला माणूस. त्याने बत्तीसच्या बत्तीस पानं बाईंच्या समोर वाचली. एकेक पान उलटताना बोट ओलं करायचा आणि बाईंचा जीव टांगणीला लागायचा.

"तुमचा अर्ज, तसा, चांगला आहे," तो म्हणाला. बाई उठल्या. "पण," तो म्हणाला. बाई बसल्या. "पान सात. 'संशोधकाचा खात्याशी पूर्वसंबंध.' तुम्ही लिहिलंय, 'चौदा वर्षं, घट्ट.' यातलं, 'घट्ट', काढा."

घट्ट काढलं. दुसऱ्या खेपेला पान एकोणीस. मुलाखतींचं ध्वनिमुद्रण कुलूपबंद कपाटात ठेवलं पाहिजे. बाईंच्या घरी कपाट होतं, पण त्याची किल्ली लेकीच्या लहानपणीच कुठेतरी गडप झाली होती. नवऱ्याने मनावर घेतलं. कामावरून येताना तो लिफ्टच्या यंत्रखोलीला लावतात तसलं दणकट कुलूप घेऊन आला आणि रविवारची अख्खी सकाळ घालवून त्याने ते बसवलं. ते इतकं पक्कं बसलं की बाईंच्या घरातले सगळे गरम कपडे आत राहिले आणि कुलूप उघडेना. शेवटी कपाटाची पाठ काढून कपडे बाहेर आले.

"बघ," नवरा घाम पुसत म्हणाला, "चोराच्या बापालासुद्धा उघडणार नाही."

"अहो, पण मलाही उघडायला नको का?"

चार दिवसांनी कुलूप माणसात आलं. स्वल्पविरामाने पान एकोणीसवर बरोबरची खूण केली. तिसऱ्या खेपेला पान सव्वीसवरच्या सहीच्या शाईचा रंग चुकीचा निघाला. चौथ्या खेपेला मात्र त्याने अर्जावर आवक क्रमांक घातला, शिक्का मारला, आणि म्हणाला, "आता, समितीपुढे." बाई शहाण्या झाल्या होत्या. त्या तशाच बसून राहिल्या. "अभिनंदन," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच हसला.

परवानगी समितीत तिघं होते. खात्याचे एक वकील, मदत घेणाऱ्या लोकांच्या वतीने बसणारे एक चाकाच्या खुर्चीतले गृहस्थ, आणि अध्यक्षबाई. अध्यक्षबाई पूर्वी डॉक्टर होत्या. पांढरे आखूड केस, गळ्यात साखळीला लटकवलेला चष्मा. साडेआठबाई नवी साडी नेसून, मांडीवर फाईल घेऊन त्यांच्यासमोर बसल्या. शेजारी मॅडम.

पहिली दहा मिनिटं छान गेली. मग अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुम्ही ज्यांच्या मुलाखती घेणार, ती बरीचशी तुमचीच जुनी माणसं?"

"हो, माझीच," बाई म्हणाल्या. "एकेकाला सहा-सहा, सात-सात वर्षं सांभाळलंय मी."

"मग मला सांगा, तुम्ही विचारलंत तर तुम्हाला नाही कोण म्हणेल?"

बाईंचा चेहरा खुलला. याचीच तर त्या वाट बघत होत्या. "कुणीसुद्धा नाही!" त्या म्हणाल्या. "मी नुसता शब्द टाकायचा अवकाश."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून छातीवर सोडला.

"तीच तर अडचण आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही त्यांना आंघोळ घातली आहे. पडले तेव्हा उचललं आहे. उद्या दुसरी मदतनीस येईल ती तुमचीच मैत्रीण असेल. अशा माणसाने तुम्हाला नाही कसं म्हणायचं? आणि ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याचा होकार आम्ही होकार म्हणून धरायचा कसा?"

बाईंच्या कानापर्यंत रक्त चढलं. चौदा वर्षांत ज्याचा अभिमान बाळगला, तेच कुणीतरी उचलून टेबलावर अडचण म्हणून ठेवलं होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अध्यक्षबाईंचं म्हणणं खरं होतं, हे त्यांना बसल्या जागी कळत होतं.

समितीने अर्ज फेटाळला नाही. एक महिन्याची मुदत दिली आणि एक चाचणी सांगितली. मुलाखत एकही घ्यायची नाही. फक्त संमतीपत्र, म्हणजे माणसाला काय काय विचारणार आणि तो नाही कसा म्हणू शकतो हे सांगणारं पत्र, पाच जणांकडे पाठवायचं. तेही बंद पाकिटातून, आताच्या मदतनिसांच्या हाती. बाईंनी त्यांच्या दारात पाऊल टाकायचं नाही. उत्तर त्या पाच जणांनी बाईंना द्यायचं नाही, संशोधन कक्षात फोन करून कारकुनाला द्यायचं. नावं तो सांगणार नाही, फक्त आकडे सांगेल.

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "ताई, एवढ्या खूश होऊन कशाला सांगितलंत?"

"खरं होतं ना पण," बाई म्हणाल्या. मग लिफ्ट बंद असल्यामुळे जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरता उतरता त्यांना हसू फुटलं. "कुणीसुद्धा नाही म्हणे! काय पण दिमाख माझा!" मॅडमही हसायला लागल्या. तळमजल्यावर पोचेपर्यंत दोघींचे डोळे पुसून झाले होते.

त्या आठवड्यात पत्राचं लिखाण सुरू झालं. विद्यापीठाचा एक छापील नमुना होता. बाईंनी तो जेवणाच्या टेबलावर नवऱ्याला वाचून दाखवला. "सदर सहभाग पूर्णतः ऐच्छिक स्वरूपाचा असून—"

"ऐच्छिक म्हणजे?" नवऱ्याने विचारलं.

"म्हणजे तुमची मर्जी."

"मग मर्जी लिही ना. मी लिफ्टमध्ये 'आरोहण-अवरोहण' लिहितो का? वर, खाली."

बाईंनी नमुना बाजूला सारला आणि कोरा कागद घेतला. लेक समोर बसून लिहून घेत होती. बाई बोलत गेल्या, जशा त्या आंघोळीचं पाणी अंगावर घालायच्या आधी बोलायच्या तशा. मी पूर्वी तुमच्या भागात मदतनीस होते. आता मी अभ्यास करते आहे. सकाळी मदतनीस आल्यावर तुमचं काय बोलणं होतं, ते मला विचारायचं आहे. तुम्हाला नको असेल तर नको म्हणा. कारण सांगायची गरज नाही. तुमची मदतनीस येतच राहील, तुमचं काहीही बंद होणार नाही. आणि मी रागावणार नाही.

लेकीचं पेन थांबलं. "आई, शेवटचं वाक्य खरं आहे का?"

"म्हणजे काय! मी कशाला रागावू?"

"नक्की?"

"लिही गं तू."

पाच पाकिटं गेली. एक त्या दृष्टी गेलेल्या आजींना, त्यांची मदतनीस त्यांना वाचून दाखवणार होती. दोन एकाच घरात राहणाऱ्या दोघी बहिणींना, वेगवेगळी. एक शिंपीमामांना, ज्यांची बोटं आता सुई धरत नव्हती पण समोरच्याच्या कपड्यांना नावं ठेवणं सुटलं नव्हतं. आणि एक नकाशेवाल्या आजोबांना. आजोबा आयुष्यभर सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. चौऱ्याऐंशी वर्षांचे, लांब बोटांचे, मिस्कील. बाईंनी त्यांना सहा वर्षं सांभाळलं होतं, आणि खरं सांगायचं तर पाचांत त्या कुणाच्या भरवशावर असतील तर आजोबांच्या.

दोन आठवड्यांनी बाई तिसऱ्या मजल्यावर गेल्या. स्वल्पविराम त्यांची वाटच बघत असावा. त्याचा चेहरा काहीतरी निराळाच दिसत होता, जणू सुट्टीवरून आलेला माणूस.

"पाचही फोन, आले," तो म्हणाला. "तीन होकार." बाई थांबल्या. "एक म्हणजे, पत्रातली दुसरी ओळ, समजली नाही, परत लिहा. आणि एक," तो थांबला, आणि या वेळी त्याचं थांबणं नेहमीपेक्षा लांबलं. "एक नकार."

बाईंनी मान हलवली. "बरं," त्या म्हणाल्या.

त्या निघणार तेवढ्यात तो म्हणाला, "हे मी तुम्हाला, अधिकृतपणे, सांगत नाहीये. पण होकार सांगायला माणसाला, किती वेळ लागतो? एक मिनिट. माझा एक फोन, पस्तीस मिनिटं चालला. दुसरा पन्नास. मला इतकं कुणी, इतका वेळ, बोलू देत नाही. ते लोक थांबतात, हो. माझं वाक्य संपेपर्यंत." आणि त्याने चष्मा पुसायला घेतला. "त्यातल्या एका बाईंनी, मला पुन्हा फोन करायला, सांगितलंय. मी करणार आहे. सुट्टीच्या दिवशी. माझ्या वेळात."

एरवी बाईंनी याचा केवढा आनंद केला असता! पण त्या दिवशी त्यांच्या डोक्यात एकच भुंगा होता. नकार कुणाचा? दोघी बहिणींतली धाकटी असेल, ती मुळातच तिरसट. छे, शिंपीमामाच. त्यांच्या सुनेला त्या एकदा बोलल्या होत्या, ते मामांनी मनात धरलं असणार. घरी येऊन त्यांनी भांडी अशी आदळली की नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"तीन होकार, एक 'कळलं नाही' आणि एक नकार," बाई म्हणाल्या. "बुडाला अर्ज."

"एवढंच ना? सहाव्या माणसाला पाठव. पाच होकार करून टाक."

"पाच सांगितले ते पाच. त्यात सहावा कुठून आणू?"

"कुणाला कळणार आहे?"

"मला," बाई म्हणाल्या, आणि आणखी एक पातेलं आदळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. "मीच तो," पलीकडून आवाज आला. नकाशेवाले आजोबा!

बाई मटकन खुर्चीत बसल्या. "आजोबा, तुम्ही?"

"मी. त्या हळू बोलणाऱ्या माणसाने मी तुमचं नाव सांगणार नाही, असं मला बजावलंय. मी त्याला म्हटलं, तू नको सांगूस, पण मला कोण अडवणार? पाकिटं कुणाकुणाला गेली ते मदतनिसांकडून कळलंय मला. तू आता बिचाऱ्या शिंप्यावर संशय घेत बसली असशील."

बाईंना खोटं बोलवेना. "हो, घेतला."

"ऐक पोरी. सहा वर्षं तू माझ्या पाठीला साबण लावलास. त्या वेळी मी जे जे बोललो ते भिंतीकडे तोंड करून बोललो. बायको गेली तेव्हाचं बोललो, थोरल्याशी अबोला का झाला ते बोललो. माझ्या मुलांनासुद्धा ते ठाऊक नाही. ते तुला सांगितलं होतं, कागदाला नाही. पत्रात लिहिलंय, कारण सांगायची गरज नाही. तरी सांगतोय, कारण तू आहेस."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्यांना ती न्हाणीघरातली हिरवी फरशी दिसली आणि आजोबांची कृश, लांब पाठ. किती नकाशे उतरवले असतील त्या पाठीने वाकून वाकून.

"रागावलीस?" आजोबांनी विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या. "थोडी."

पलीकडे आजोबा खो खो हसायला लागले, हसता हसता ठसका लागला. "अगं, पत्रात तर छातीठोक लिहिलंयस, मी रागावणार नाही म्हणून!"

"काढून टाकते ते वाक्य!" बाई म्हणाल्या, आणि त्यांनाही हसू आवरेना.

फोन ठेवला तेव्हा त्यांना स्वतःचं नवल वाटलं. राग केव्हाच उतरला होता. कालपासून छातीवर बसलेलं ओझं आजोबांच्या ठसक्यासरशी उठून गेलं होतं. नाही म्हणून झालं होतं आणि तरी आजोबा आजोबाच राहिले होते, त्या त्याच राहिल्या होत्या. काहीसुद्धा मोडलं नव्हतं. लेक कॉलेजातून आली तेव्हा बाई टेबलाशी बसून पत्रातली दुसरी ओळ सोपी करत होत्या, आणि 'मी रागावणार नाही' यावर काट मारून त्यांनी लिहिलं होतं, 'तुम्ही नाही म्हणालात आणि मला वाईट वाटलं, तर ते माझं मी बघून घेईन.'

लेकीने ते वाचलं आणि आईच्या गळ्यात हात टाकले.

समितीच्या दुसऱ्या बैठकीला बाई जुन्याच साडीत गेल्या. पाचही उत्तरांचा अहवाल त्यांनी जसाच्या तसा दिला होता, एक पान, खाली सही, योग्य त्या रंगात. अध्यक्षबाई वाचत होत्या. वाचता वाचता त्यांचं बोट एका ओळीवर थबकलं. त्यांनी वकिलांकडे पाहिलं, वकिलांनी खुर्चीतल्या गृहस्थांकडे.

"एक नकार आला," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"हो," बाई म्हणाल्या.

"आला!" खुर्चीतले गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी टेबलावर हात मारला. "अहो, मी नऊ वर्षं या समितीवर आहे. चाचणीत सगळेच्या सगळे हो म्हणाले, असेच कागद आमच्यापुढे येतात. शंभर टक्के होकार! मला रोज सकाळी चहा हवा का म्हणून विचारलं तरी मी शंभर टक्के हो म्हणत नाही. तुमचा हा पहिला कागद, ज्यात कुणीतरी नाही म्हणालंय आणि ते लिहिलंयसुद्धा."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"म्हणजे तुमच्या पत्रातून नाही म्हणता येतं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तुम्हालासुद्धा. हेच आम्हाला बघायचं होतं." त्या पुढे वाचायला लागल्या, आणि नव्या वाक्यापाशी आल्यावर त्यांनी ते मोठ्याने वाचलं. "'तर ते माझं मी बघून घेईन.'" त्यांचे खांदे हलायला लागले. बघता बघता त्या इतक्या हसल्या की नाकावरचा चष्मा घसरून साखळीला लोंबायला लागला. वकीलही हसले, आणि वकिलांना हसताना पाहून मॅडमचा जीव भांड्यात पडला.

परवानगी मिळाली, पण एका अटीवर. बाईंनी स्वतः सांभाळलेल्या माणसांपैकी कुणाचीही मुलाखत घ्यायची नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाचा भाग निवडायचा, जिथे त्यांना कुणी ओळखत नाही. होकार दिलेली तिघंही यातून सुटणार होती. दृष्टी गेलेल्या आजी तर मुलाखतीसाठी केसांना रंग लावायचा म्हणत होत्या, असं मदतनिसांकडून कळलं होतं. बाईंना क्षणभर कसंतरीच झालं. मग त्यांनी मान वर केली.

"चालेल," त्या म्हणाल्या. "आजींना मी समजावीन. नाहीतरी आता मला त्यांच्याकडे नुसतं जाता येईल."

"आणि हे पत्र," अध्यक्षबाई म्हणाल्या, "नमुना म्हणून कक्षात ठेवू का? पुढच्या अर्जदारांना दाखवायला? तुम्हाला नको असेल तर नको म्हणा. कारण सांगायची गरज नाही."

"हो," बाई म्हणाल्या. "ठेवा."

स्वल्पविरामाने परवानगीच्या पत्रावर शिक्का मारला तेव्हा तो दोनदा मारला. पहिला अस्पष्ट उमटला होता आणि बाईंच्या कागदावर अस्पष्ट काही असलेलं त्याला चालणार नव्हतं.

पुढच्या रविवारी बाई नकाशेवाल्या आजोबांकडे पाहुण्या म्हणून गेल्या. आजोबांनी त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं आणि उठायचं नाही म्हणून ताकीद दिली. मग ते स्वतः चहा करायला गेले. त्यांचे हात कापत होते, बशी कपाखाली वाजत होती, साखरेचा डबा उघडायला पाच मिनिटं लागली. चाळीस मिनिटं लागली त्या एका चहाला. चाळीस मिनिटं बाईंनी खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरून ठेवले. कोपऱ्यात केर दिसत होता, उशीचा अभ्रा उलटा होता, आणि त्या बसल्या होत्या. चहा आला तेव्हा अर्धा बशीत होता.

"कसा झालाय?" आजोबांनी विचारलं.

"गोडमिट्ट," बाई म्हणाल्या.

"तुझ्या अभ्यासात लिहू नकोस हो," आजोबा म्हणाले, आणि दोघं बराच वेळ हसत राहिली. मग आजोबांनी थोरल्या मुलाचा विषय काढला. त्याचा फोन आला होता. या वेळी ते बाईंकडे तोंड करून बोलत होते.

पहिली मुलाखत ठरली ती पुढच्या महिन्यात, शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात. लिफ्ट चालू आहे ना, हे नवरा आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघून आला होता. घर एका आजींचं होतं. त्यांनी उमेदीत मालवाहू जहाजांवर स्वयंपाक केला होता. दंड अजून भरभक्कम, आवाज असा की पलीकडच्या डेकवर जावा. त्यांनी पत्र वाचलं होतं, संशोधन कक्षात फोन केला होता, हो म्हणून झालं होतं, आणि आता त्या केस विंचरून, दोन्ही पंजे टेबलावर ठेवून बसल्या होत्या. आत त्यांची मदतनीस, पंचविशीतली एक मुलगी, भांडी विसळत होती.

बाईंनी ध्वनिमुद्रणाचं यंत्र सुरू केलं. इतकी वर्षं त्या घरांत शिरल्या होत्या, पण वही उघडून बसायची ही पहिलीच वेळ.

"सकाळी मदतनीस आली," त्यांनी विचारलं, "की सगळ्यात आधी काय होतं?"

"आधी?" आजी म्हणाल्या. "आधी आम्ही भांडतो!"

"काहीही काय, आजी!" आतून ओरडा आला, आणि ती मुलगी ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. "ताई, खोटं आहे हं हे. आधी ही मला विचारते, काल रात्री काय खाल्लंस. मी सांगितलं की म्हणते, ते असं करतात का कधी? मग भांडतो."

"बरोबर करतच नाही ती! कांदा जाळते!"

"एकदा जळला होता, एकदा!"

दोघी एकाच वेळी बोलायला लागल्या. साडेआठबाईंनी यंत्र टेबलाच्या मधोमध सरकवलं, त्या मुलीसाठी पायाने एक स्टूल पुढे ओढलं, आणि वहीच्या पहिल्या पानावर वेळ टाकून भराभर लिहायला घेतलं.